विलायती वृत्तपत्रांतील रखमाबाई

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात भाईंदर येथे दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी कोणाचे नाव परदेशातील वृत्तपत्रात छापून आले की त्या घरी, किंबहुना त्या सबंध आळीत, सण असल्यासारखे वातावरण होते. पूर्वी असा योग क्वचित येई. आता भ्रमणध्वनीमुळे तो वारंवार येतो. अमुक कुटुंबातील मुलगी अमुक देशाच्या पत्रात आली, तमुक घराण्यातील गृहस्थांची तेथे मुलाखत झाली, अशी चित्रे सकाळी उठल्याबरोबर आम्हांला येतात आणि ती पुढे पाठवा असा आग्रहही सोबत असतो. आनंदाची गोष्ट आहे. मात्र पाठविणाऱ्यास त्या पत्राचे नाव, तारीख व पान विचारले तर शंभरात पाचही जण सांगू शकत नाहीत. मजकूर संपूर्ण वाचणारे त्याहूनही थोडे.

आपल्या मंडळाने गेल्या वर्षी असा ठराव केला की, ज्ञातीतील ज्या व्यक्तींची परदेशी वृत्तपत्रांनी दखल घेतली त्यांच्या उल्लेखांची एक कात्रणवही सिद्ध करावी, आणि तिचा आरंभ डॉक्टर रखमाबाईंपासून करावा. हे काम आमच्याकडे आले. निवृत्त शिक्षकाजवळ वेळ भरपूर असतो, असा एक समज समाजात रूढ आहे. तो दूर करण्याचा प्रयत्न आम्ही केव्हाच सोडून दिला आहे. त्याच ठरावाचा दुसरा भाग असा की, सभागृहात रखमाबाईंची तसबीर लावून तिच्याखाली चार ओळींचा मजकूर कोरावा. त्या मजकुराचा कच्चा मसुदा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. त्यात असे वाक्य आहे की, विलायतेतील वृत्तपत्रांनी गाजविल्यामुळे व्हिक्टोरिया राणीने रखमाबाईंचा विवाह रद्द केला. हे वाक्य लाकडात कोरले जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते कशावरून, हे सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. वडील जनार्दन पांडुरंग हे मुलगी अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई त्या वेळी स्वतःच कोवळ्या वयाच्या. पुढे काही वर्षांनी त्यांनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. हे शक्य झाले याचे कारण आपल्या सुतार ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहाला रूढीची आडकाठी नव्हती. ज्या ज्ञातींत ती होती, त्यांच्याकडे त्याच काळात पुनर्विवाह करणाऱ्यांवर बहिष्कार पडत होते. आपल्या या चालीकडे त्या वेळचे काही शिष्ट लोक नाक मुरडून पाहत. परंतु ती चाल नसती तर रखमाबाईंना सखाराम अर्जुनांसारखा विद्वान, वनस्पतिशास्त्राची आवड असलेला डॉक्टर पिता म्हणून लाभला नसता, आणि पुढील सारा इतिहास घडला नसता. रखमाबाईंना कोणत्या पोटशाखेत गणावे याविषयी आपल्यात जो वाद अधूनमधून डोके वर काढतो, तो येथे उकरण्याची आमची इच्छा नाही.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. दादाजी एकोणीस वर्षांचे. मुलगी माहेरीच राहिली, वाचू लागली, विचार करू लागली. १८८४ च्या मार्चमध्ये दादाजींनी वकिलांमार्फत तिला नांदायला पाठविण्याची मागणी केली आणि ती नाकारली गेल्यावर मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अजाण वयात बांधलेल्या गाठीच्या जोरावर एका सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करणे त्यांना क्रूरपणाचे वाटले. १८८६ साली मुख्य न्यायमूर्ती सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी तो निकाल फिरवून दावा पुन्हा चालविण्यास सांगितले, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली की, रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत पतीकडे नांदायला जावे. नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दर्शविली. त्या वेळी त्यांचे वय बावीस होते. सखाराम अर्जुन १८८५ च्या एप्रिलमध्येच, म्हणजे पहिला निकाल लागण्यापूर्वीच, निवर्तले होते; तेव्हा हा निर्धार कोणा वडीलधाऱ्याने मागे उभे राहून करविला, असे म्हणण्यास फारशी जागा उरत नाही.

आता वृत्तपत्रांकडे वळू.

रखमाबाईंचा वृत्तपत्रांशी संबंध खटल्यामुळे आला, असा आपला समज असतो. वस्तुतः त्या स्वतःच आधी लेखिका म्हणून तेथे शिरल्या होत्या. १८८५ च्या जून महिन्यात मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविषयी, आणि सप्टेंबरात सक्तीच्या वैधव्याविषयी, 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने पत्रे प्रसिद्ध झाली. ती रखमाबाईंची होती. दुसरे पत्र आणि पिन्हे साहेबांचा निकाल यांत अवघे दोन दिवसांचे अंतर आहे. कात्रणवही करणाऱ्याला येथे पहिला धडा मिळतो: ज्या पत्रात व्यक्तीचे नावच नाही, ते कात्रणही तिचेच असू शकते. केवळ नाव शोधीत बसणाऱ्याच्या हाती ही दोन पत्रे कधीच लागली नसती.

विलायतेतील पहिला मोठा उल्लेख म्हणून जे कात्रण आम्ही वहीच्या अग्रभागी लावू इच्छितो, ते लंडनच्या 'टाइम्स'च्या ९ एप्रिल १८८७ च्या अंकातील आहे. तेही रखमाबाईंचेच पत्र आहे. कार्लाइलच्या बिशपांकडे ते गेले आणि त्यांच्यामार्फत 'टाइम्स'कडे पोहोचले. तारखांचा थोडा हिशेब करा. निकाल ४ मार्चचा. मुदत एक महिन्याची. त्या काळी टपाल घेऊन जाणाऱ्या आगबोटीला मुंबईहून विलायतेस पोहोचायला अडीच-तीन आठवडे लागत. म्हणजे डोक्यावर कैदेची टांगती तलवार असताना, मुदतीच्या आतच हे पत्र लिहिले गेले असावे. आणि ते छापून आले तेव्हा ती मुदत उलटूनही गेली होती.

त्या पत्रात आहे काय? आपल्या लेकीसुनांनी हे मुद्दाम ऐकावे. त्यात आपल्या दुःखाचे वर्णन आहे, पण रडगाणे नाही. हिंदू मुलीचे लवकर होणारे लग्न, त्यामुळे तिचे बंद पडणारे शिक्षण, सासरची सत्ता, या सर्वांचा ऊहापोह करून रखमाबाई एका नेमक्या मागणीवर येतात: मुलाचे वय वीस आणि मुलीचे पंधरा होण्यापूर्वी झालेली लग्ने न्यायालयापुढे आली तर ती कायदेशीर मानू नयेत. ते वर्ष राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे होते. अशा वर्षी हिंदू स्त्रियांच्या पदरीही काही पडावे, अशी त्यांची विनंती होती. एखादा अनुभवी सुतार गुण्या लावून काटकोन पाहतो, तद्वत् ही बावीस वर्षांची स्त्री कायद्यातील वाकडेपणा नेमका कोठे आहे, हे बोट ठेवून दाखविते.

आता हे पत्र वाचणाऱ्या विलायतेतील वाचकांनी, आणि त्याच्या आसपास जो मजकूर तेथील पत्रांतून आला तो लिहिणारांनी, काय पाहिले व काय पाहिले नाही, याचा विचार करू. एक गोष्ट त्यांना चटकन दिसली: हिंदूंचा बालविवाह. तो होता, वाईट होता, आणि आपल्या ज्ञातीतही होता. त्यात लपविण्यासारखे काही नाही. परंतु ज्या दाव्याखाली रखमाबाईंना कैदेची शिक्षा सांगितली गेली, तो दावा मुळात आपल्या धर्मशास्त्रातला नव्हे. तो विलायतेच्या धर्मसंस्थेच्या न्यायालयांतून आलेला, इंग्रजांनी येथे आणलेला कायदा. पिन्हे साहेबांनीही आपल्या निकालात हेच दाखविले होते. आणखी मौज अशी की, खुद्द विलायतेत १८८४ च्या कायद्याने या दाव्यातील कैदेची शिक्षा काढून टाकण्यात आली होती. तेथे जी शिक्षा टाकाऊ ठरली, ती हिंदुस्थानच्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्यात तशीच शिल्लक राहिली होती, आणि तीच रखमाबाईंच्या वाट्याला आली. ती येथून जायला १९२३ साल उजाडावे लागले. नांदायला येण्याचा दावा मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आजही आहे. वकील मंडळी आपल्यात बसली आहेत, त्यांना नववे कलम विचारावे.

हिंदू रूढीवर आसूड ओढणाऱ्या इंग्रजी लेखकाला आपल्याच घरची ही दोरी दिसणे कठीण होते. दुसरीही एक गोष्ट त्याच्या नजरेआड राहणे स्वाभाविक होते. विलायतेच्या वाचकापुढे रखमाबाई उभ्या राहिल्या त्या सरसकट हिंदू स्त्रीजातीच्या प्रतिनिधी म्हणून. त्या कारागीर ज्ञातीतल्या आहेत, त्यांच्या आईने रूढीच्या मान्यतेने दुसरा विवाह केला आहे, आणि त्या मातेच्या घरातच हे धैर्य वाढले आहे, ही गोष्ट त्या चित्रात बसत नाही. परदेशी वाचकाला एक अबला हवी असते आणि तिची सुटका करणारा कोणी एक हवा असतो. जयंतीबाईंना त्या गोष्टीत जागाच नाही. आमच्या मते वहीच्या पहिल्या पानावर जयंतीबाईंचे नाव अवश्य असावे, मग ते कोणत्याही परदेशी पत्रात आलेले असो वा नसो.

सर्वच परदेशी लेखक एका माळेचे मणी होते, असे मात्र कोणी समजू नये. संस्कृतचे पंडित म्हणून आपल्या वाडवडिलांनी ज्यांना कौतुकाने मोक्षमुल्लर म्हटले, त्या प्राध्यापक मॅक्समुल्लर यांनीही या प्रकरणी लेखणी उचलली. खटल्यांनी हा प्रश्न सुटणार नाही. रखमाबाईंना मिळालेल्या शिक्षणाने त्यांना स्वतःचे हित ओळखता आले, हा त्यातला खरा अर्थ, असा त्यांचा रोख होता. अमेरिकेत असलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या खटल्याची हकीकत घेतली. रमाबाईंची लेखणी आपल्याच भूमीतली असल्यामुळे तिला दुःखही दिसले आणि इंग्रज सरकारचा दुटप्पीपणाही दिसला. मुंबईत बेहरामजी मलबारी आणि प्राचार्य वर्डस्वर्थ प्रभृतींनी रखमाबाईंच्या साहाय्यार्थ समिती स्थापन केली, तिच्याही वार्ता बाहेर जात होत्या.

विरुद्ध पक्षाचेही कात्रण वहीत असले पाहिजे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. दादाजींनी १८८७ साली आपली बाजू मांडणारे इंग्रजी पुस्तक छापले. सासरच्या मंडळींनी मालमत्तेच्या लोभाने मुलीला अडवून ठेवली, असा त्यांचा आरोप होता. त्याला रखमाबाईंनी वृत्तपत्रातून सविस्तर उत्तर दिले. लोकमान्यांच्या 'केसरी'ने तर हिंदू धर्मावरच संकट आल्याची हाक दिली आणि इंग्रजी शिक्षणाला बोल लावला. लोकमान्यांविषयी आमच्या मनात जो आदर आहे तो या प्रसंगी कमी होत नाही, पण ती कात्रणे गाळून वही करणे हा अप्रामाणिकपणा होईल. एकाच बाजूचा रंधा मारला तर फळी सपाट होत नाही, हे या सभेत वेगळे सांगायला नको.

आता त्या राणीच्या वाक्याकडे येऊ. ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पुस्तकांतून, भ्रमणध्वनीवरील मजकुरांतून, इतकेच काय परदेशी संकेतस्थळांवरील लेखांतूनही ती फिरते: रखमाबाईंनी राणीकडे अर्ज केला आणि राणीने न्यायालयाचा निकाल बाजूला सारून विवाह विसर्जित केला. कथा गोड आहे. राणीला असा एखादा विवाह मोडण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने होता, एवढा एकच प्रश्न विचारला म्हणजे तिचा पाया डळमळू लागतो. प्रत्यक्षात घडले ते फार साधे. १८८८ च्या जुलैत उभय पक्षांत तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि आपला हक्क सोडला. न्यायालयाबाहेर, रोख रकमेवर मिटलेले प्रकरण. खटल्याचा अत्यंत साक्षेपाने अभ्यास करणारे इतिहासकार सुधीर चंद्र यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हा शेवट दिलेला आहे. मराठीत मोहिनी वर्दे यांचे 'डॉ. रखमाबाई : एक आर्त' हे चरित्र १९८२ सालापासून उपलब्ध आहे, मंडळाच्या वाचनालयात त्याची एक प्रत असावी अशी आमची जुनी मागणी आहे.

कोणी म्हणेल, राणीची कथा असली म्हणून बिघडले काय? त्यामुळे रखमाबाईंचा मोठेपणा वाढतोच ना? आमचे उत्तर असे की, वाढत नाही, घटतो. राणीने सोडविले असे म्हटले की त्या चार वर्षांच्या झुंजीचे सारे श्रेय सिंहासनाकडे जाते. कैदेला तयार झालेली ती मुलगी मागे पडते. ज्यांनी ते दोन हजार रुपये उभे केले ते हातही पुसले जातात. आणि तिने ज्यासाठी लेखणी धरली तो कायदा तर राणीने दिलाच नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला तो दहाचे बारा वर्षे करणारा. रखमाबाईंची मागणी पंधराची होती. त्यांनी १८९० च्या सप्टेंबरात लंडनच्या 'न्यू रिव्ह्यू' मासिकात पुन्हा लेख लिहून सरकारकडे बालविवाहाविषयी गाऱ्हाणे मांडले. राणीने सर्व काही निपटले असते, तर दोन वर्षांनी हा लेख लिहिण्याचे प्रयोजनच काय होते?

तो लेख लिहिला तेव्हा रखमाबाई लंडनमध्ये होत्या. कामा रुग्णालयातील डॉक्टर ईडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकाकडे वळविले. ईव्हा व वॉल्टर मॅकलारेन या दांपत्याने तेथे आधार दिला. १८८९ साली त्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. १९१८ पासून राजकोट. पुढे १९२९ च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत, सर्व मिळून जवळजवळ पस्तीस वर्षे, त्यांनी बाळंतिणींची सेवा केली. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडदापद्धती नष्ट व्हावी म्हणून एक पुस्तिकाही लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमलात आला होता.

आपण भाईंदरकर रोज ज्या लोहमार्गाने जातो-येतो, तोच मार्ग खाडी ओलांडून सुरतेला जातो. त्याची सुरत-मुंबई जोडणी पुरी झाली तेही १८६४ साली, म्हणजे रखमाबाईंच्या जन्मवर्षी. सुट्टीत घरी येताना आणि परत कामावर जाताना आपल्या या मिठागरांच्या शेजारून त्या किती वेळा गेल्या असतील! त्या गाडीत बसलेल्या डॉक्टरीणबाईंकडे पाहण्यासाठी कोणता बातमीदार फलाटावर उभा राहणार? खटल्याच्या वेळी ज्यांची नावे सातासमुद्रांपलीकडे गाजतात, त्यांच्या पुढील पस्तीस वर्षांच्या कामाला वृत्तपत्रात जागा मिळण्याचा नियम नाही. म्हणूनच नुसत्या उल्लेखांची संख्या मोजून माणसाची उंची ठरविण्याच्या पद्धतीला आमचा विरोध आहे. त्या मोजणीत १८८७ हे एक वर्ष सुरतेच्या सबंध कारकिर्दीहून भारी ठरेल.

एक गोष्ट तर कोणत्याही विलायती पत्राच्या आकलनापलीकडची. १९०४ साली दादाजी वारले. ज्या विवाहाला त्यांनी आयुष्यभर विवाह मानले नाही, त्याच्या नावाने रखमाबाईंनी त्यानंतर विधवेची पांढरी वस्त्रे परिधान केली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. का केली? लोकापवादासाठी, रुग्ण स्त्रियांना परकेपणा वाटू नये म्हणून, की मनातील आणखी कशासाठी? आम्ही यावर पुष्कळ विचार केला आहे आणि घरात वादही केला आहे. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, रुग्णालयाच्या दारात येणाऱ्या बायकांचा विश्वास त्यांना हवा होता. ते पटण्यासारखे आहे.

तुलनेसाठी आपल्याच ठाणे जिल्ह्यातील दुसरे उदाहरण घेतो. आनंदीबाई जोशी यांचा जन्म कल्याणचा, ३१ मार्च १८६५ चा. रखमाबाईंपेक्षा चार महिन्यांनी लहान. त्यांचे अमेरिकेस जाणे हे एका छापील कात्रणातूनच घडले. गोपाळरावांनी अमेरिकन पाद्री वाइल्डर यांना लिहिलेले पत्र त्यांच्या 'मिशनरी रिव्ह्यू' या मासिकात छापले गेले आणि ते १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले. छापणाराचा हेतू धर्मांतराकडे होता. वाचणारीच्या मनात मात्र माया उपजली. आनंदीबाई धर्म न सोडता ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. फॅरन साहेबांचा निकाल त्यानंतर सहा दिवसांनी लागला. महाराष्ट्रातील दोन मुली एकाच पंधरवड्यात, एक मृत्यूमुळे आणि एक खटल्यामुळे, बातमीचा विषय झाल्या, हे आम्हांला वह्या समोरासमोर ठेवल्यावरच दिसले. छापणाराचा हेतू आणि छापल्याचा परिणाम यांत किती अंतर पडू शकते, याचे आनंदीबाईंच्या उदाहरणाहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

आता थोडे व्यवहाराचे. तरुण मंडळींपैकी ज्यांना या कामात हातभार लावायचा आहे त्यांनी लक्षात घ्यावे की, जुनी परदेशी वृत्तपत्रे पाहण्यासाठी आता बोटीने जाण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने, ऑस्ट्रेलियाच्या व न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी आपापल्या देशांतील असंख्य जुने अंक संगणकावर विनामूल्य उघडे केले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या संग्रहाचे नाव ट्रोव्ह, न्यूझीलंडच्या संग्रहाचे पेपर्स पास्ट. विलायतेच्या जुन्या पत्रांचा संग्रह वर्गणी भरून पाहता येतो. अडचण नावाची आहे. आपण म्हणतो रखमाबाई. न्यायालयाच्या छापील निवाड्यांत रुख्माबाई आहे. इंग्रजी खिळे जुळविणाऱ्याने कोठे रुक्माबाई केले असेल, कोठे रुक्मीबाई. तेव्हा एकच वर्णानुक्रम टंकून 'काही सापडत नाही' म्हणून कोणी उठू नये. दादाजींच्या नावाने शोधावे, न्यायमूर्तींच्या नावाने शोधावे, आणि 'एक हिंदू स्त्री' हेही शोधावे.

कात्रण सापडले की पत्राचे नाव, गाव, तारीख व पान त्याच दिवशी लिहावे. उद्यावर टाकलेली तारीख हरवतेच. मजकूर तेथील संपादकाचा, बातमीदाराचा, की स्वतः रखमाबाईंचा, ते शाईने नोंदवावे. तारेने आलेली बातमी निरनिराळ्या गावच्या दहा पत्रांनी जशीच्या तशी उतरून घेतली असेल तर ती एकच नोंद धरावी, दहा नव्हेत. येथे पुष्कळांची निराशा होणार आहे याची आम्हांला कल्पना आहे. आणि अलीकडच्या नोंदी निराळ्या वहीत असाव्यात. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी रखमाबाईंच्या १५३ व्या जयंतीनिमित्त गूगलने त्यांचे चित्र आपल्या शोधपानावर लावले. त्यानंतर जगभरातील पत्रांतून त्यांच्याविषयी जे आले ते प्रायः त्या चित्राच्या निमित्ताने. त्यापूर्वी अनंत महादेवन यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला होता. अमेरिकेच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१८ मध्ये, ज्यांच्या निधनाची दखल पूर्वी घेतली गेली नव्हती अशांसाठीच्या आपल्या मालिकेत, पंडिता रमाबाईंवर मृत्युलेख लिहिला. त्या १९२२ साली वारल्या होत्या. अशा उशिरा आलेल्या आठवणींचे मोल आहे, पण त्यांत जुन्या चुका नव्या कपड्यांत येतात, आणि राणीची कथा ही त्यांपैकीच एक.

तसबिरीखालील मजकुराविषयी आम्ही पुढील सूचना कार्यकारी मंडळापुढे लेखी ठेवली आहे. राणीचे वाक्य काढून टाकावे. त्या जागी लंडनच्या 'टाइम्स'मधील पत्राची तारीख, सहा महिन्यांच्या कैदेस त्यांनी दिलेला होकार, दोन हजारांची तडजोड, आणि सुरत व राजकोट येथील सेवा, एवढेच असावे. जन्मदात्यासोबत जयंतीबाई व सखाराम अर्जुन यांची नावे यावीत. अक्षरे थोडी लहान करावी लागतील. कोरणाराशी आम्ही बोललो आहोत, त्याची तयारी आहे. यावर मतदान पुढील महिन्याच्या सर्वसाधारण सभेत व्हावयाचे आहे, आणि ज्यांना राणीचे वाक्य हवे आहे त्यांनी आपले आधार त्या वेळी अवश्य आणावेत.

वहीतील सर्वांत रिकामी पाने सुरतेच्या वर्षांची आहेत. तेथील गुजराती पत्रे, रुग्णालयाचे वार्षिक अहवाल, जुन्या कुटुंबांतील आजीपणजींच्या बाळंतपणाच्या आठवणी, यांतून ती भरता येतील. आपल्यापैकी ज्यांचे सोयरे सुरतेस किंवा राजकोटला आहेत आणि ज्यांना गुजराती वाचता येते, त्यांनी आज जाण्यापूर्वी चिटणीसांकडे आपली नावे द्यावीत.